गवाहीची किंमत किती धरायची?

चुडावा, ७ नोव्हेंबर १९८६

मामा,

साष्टांग नमस्कार. हा नमस्कार आईनं लिहायला लावला, ती मागंच उभी आहे. ती चुलीकडं गेली की मी मुद्द्यावर येतो.

गेली.

मामा, तुमी बेइमानी केली. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

दसऱ्याला परभणीत फुटबॉलच्या चार टीमा बसल्या. पूर्णा, पोखर्णी, तुमचं सोनपेठ अन् आमचं चुडावा. करार मी लिहिला, आधी इंग्लिशमध्ये, मग मराठीत. एका टीमनं एका सीझनला सगळ्या खेळाडूंवर मिळून बारा हजारांच्या वर खर्च करायचा नाही. रोख असो, ज्वारी असो, बूट असोत, सगळं त्याच्यात धरायचं. अन् खेळाडूनं एका टीमशी करार केला की पाडव्यापर्यंत दुसऱ्या टीमनं त्याच्याशी बोलायचंसुद्धा नाही. अमेरिकेत बास्केटबॉलच्या टीमांना पगाराची अशी मर्यादा घातलीय, ते मी मासिकात वाचलं होतं. इथं सगळ्यांना लगेच कळावं म्हणून मी त्याला सीलिंग म्हणलो.

हे सगळं कशासाठी केलं? तुमच्यामुळं! गेल्या साली तुमी हैदराबादेहून पोरं आणली अन् पोखर्णीवर नऊ गोल केले. त्यांचा गोलकीपर दुसऱ्या हाफमध्ये खांबाला टेकून शेंगा खात बसला होता. लोक तिकिटाचे पैसे परत मागायले होते. असंच चाललं असतं तर यंदा तुमी एकटेच मैदानात उतरला असता, टॉस करायलाही कोणी मिळालं नसतं.

तुमी सगळ्यांच्या आधी दस्तखत केलं. वर माझ्या पाठीत थाप मारून म्हणलात, "इंग्लिश शाळेचा खर्च फिटला आबासाहेबांचा." मी लय फुगलो होतो.

अन् आता बिरू प्रॅक्टिसला येईना. आमचा सेंटर फॉरवर्ड! त्याच्याशी मी अठराशे रुपयांचा करार केलाय, सही आहे त्याची. काल गाठलं त्याला मेंढराच्या वाड्यावर. म्हणलो, काय झालं? तर म्हणतो, "दिनकरराव म्हणले, सोनपेठकडून खेळ. मी कचेरीत गवाही देतो की माळाचं रान तुझ्या बापाचंच हाय."

मामा, हे काय आहे?

माळाच्या रानाचं तुमाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. पंचाहत्तर साली जमिनीचं सीलिंग कडक झालं. जादा जमीन सरकार नेणार, म्हणून आबांनी ते रान बिरूच्या वडलांच्या, येडबाच्या, नावावर लावलं. नुसतं कागदावर. कसतो आमीच, पीक आमचंच. अख्ख्या गावाला माहीत आहे. आता मला एकवीस वर्षं पूर्ण झाली म्हणून आबा ते माझ्या नावावर करून घ्यायलेत, पाडव्याच्या आधी रजिस्ट्री आहे. हा आमच्या घरचा मामला झाला. तुमी अन् आबा पाच वर्षं बोलत नाही, तरी तुमी त्यात शिरलात. शिरा! माझं भांडण त्याच्यासाठी नाहीच.

माझं भांडण कराराचं आहे. गवाही म्हणजे रोख नाही, ज्वारी नाही, बूट नाहीत. मग ती बारा हजारांत बसवायची कशी? तिची किंमत किती धरायची? सांगा मला. मी बी.कॉम. आहे, मला येईना.

बिरूला परत पाठवा.

तुमचा भाचा (सध्या नाइलाजानं),
बन्सीधर


चुडावा, ४ डिसेंबर १९८६

मामा,

तुमचं पोस्टकार्ड मिळालं. मला मिळायच्या आधी गावाला मिळालं. मुंजाजी पोस्टमननं हॉटेलात बसून मोठ्यानं वाचलं: "चि. बन्सीधर, सीलिंग म्हणलं की पळवाट आलीच. खरं वाटत नसंल तर बापाला इचार." तिथं चहा पिणारे सगळे हसले. आबापण होते. तेपण हसले. मला तर वाटलं ते चिडतील!

पाकिटाला पैसे नव्हते का?

मी गप बसलो नाही. सोनपेठला दोन चकरा मारल्या, एसटीनं, स्वतःच्या खर्चानं. तुमचा सगळा कारभार बघून आलो. तुमचा गोलकीपर कागदावर फुकट खेळतो. त्याचा भाऊ मात्र तुमच्या जिनिंगवर वॉचमन आहे, अन् तो भाऊ पुण्यात राहतो! हाफबॅकच्या बायकोकडून तुमी दूध घेता. तिच्याकडं एकच शेळी आहे मामा, मी बघितली, तीपण आटलेली. कागदावर तुमचा खर्च सहा हजार. चारी टीमांत सगळ्यात साधी टीम तुमची.

हे सगळं घेऊन मी पूर्णेला सितारामकाकांकडं गेलो. रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, टीमांच्या कमिटीचा अध्यक्ष, रुळासारखा सरळ असंल असं मला वाटलं होतं. त्यांनी सगळं ऐकलं अन् पानाला चुना लावत म्हणाले, "बाबा, तू त्याला सीलिंग म्हणलास तितंच चुकलं. हितल्या मोठ्या लोकायला सीलिंग म्हणलं की एकच गोष्ट सुचती, कोणाचं नाव लावायचं. आकरा वर्षं तालीम झाली त्यांची."

"मग शिक्षा करा," मी म्हणलो.

"कोणाला? दूध घेण्याला शिक्षा कराची का?"

बिरूचा निकाल असा दिला, की खेळाडू स्वतः कबूल करतो मी राजीखुशीनं गेलो, तर त्याला धरून ठेवता येत नाही. म्हणजे माझा करार गेला पाण्यात.

तिथून मी तडक बिरूकडं गेलो. चुडाव्याच्या स्टेशनामागं त्यांची मेंढरं बसली होती. मी लय बोललो. शब्द, इज्जत, टीम, सगळं काढलं. तो मेंढीच्या खुरातला काटा काढत होता, मान वर केली नाही त्यानं.

"झालं?" तो म्हणला.

"तू करार मोडला बिरू."

"मोडला. कबूल हाय. तू अठराशे देणार व्हतास. माळाचं रान अठराशेला येतंय का?"

"रान तुझं नाही ना पण!"

"मंग दिनकरराव कशाची गवाही देणार हायेत?"

मी म्हणलो, ते खोटी गवाही देणार आहेत, तुला फोडायला. तेव्हा त्यानं पहिल्यांदा बघितलं माझ्याकडं. म्हणला, "बन्सी, आमच्या सात पिढ्यांला सरकारनं सीलिंग लावलं न्हाई. लावायला व्हतं काय? पहिलं सीलिंग तू लावलंस. ते बी मला न इचारता. चार जण बसले, चहा पेले, बिरूचा भाव ठरवला. तिकिटाच्या पैशाला सीलिंग लावलंस का? मामाच्या जिनिंगला लावलंस का?"

मामा, त्याचं बोलणं मला आवडलं नाही. पण रात्री मी तिकिटाच्या पैशाचा हिशोब काढत बसलो. याला जबाबदार तुमी. आमची दोस्ती शाळेच्या सुट्ट्यांपासूनची आहे.

एक सरळ विचारतो, पाकिटात घालून उत्तर द्या. तुमी देणार ती गवाही खरी आहे का खोटी?

बन्सीधर


चुडावा, १ जानेवारी १९८७

मामा,

तुमी उत्तर दिलं नाही. गरज राहिली नाही. काल अमावस्येची येळवस झाली, तिथंच रानात कळलं.

यंदा आबांनी येळवस माळाच्या रानात ठेवली. मुद्दाम, गावाला दिसावं म्हणून. कडब्याची कोप उभी केली, आईनं भज्जी केली, आंबील केली, पन्नासेक माणूस जेवायला. पूजा झाली, आबा आंबिलीचं बोळकं घेऊन रानाला फेरी मारायला निघाले. रानाच्या मालकानं शिंपडत जायचं असतं. मला म्हणले, "चल, यंदापासून तू शिंपड. तुझं रान."

येडबा बांधावर उभा होता. हात बांधून. त्याची बायको केवळाबाई आईला पत्रावळी द्यायली होती. मी बोळकं हातात घेतलं, तर ती बारीक आवाजात म्हणली, "शिंपडा मालक. आमची निम्मी मेंढरं हितंच पुरलीत."

मला वाटलं रोगानं मेली असतील. विचारलो, कधी मेली?

"मेली न्हाईत. दिली."

"कोणाला?"

"तुमच्या बापाला. ह्या रानापायी."

मग तिनं सगळं सांगितलं, पत्रावळी मांडता मांडता, जशी काय भज्जीला मीठ किती घातलं ते सांगायली. पंचाहत्तर साली आबा येडबाला म्हणले, रान नुसतं नावावर कशाला, खरंच घे, मेंढरं दे अन् मालक हो. येडबानं निम्मा कळप दिला. आबांच्या दारात तुमी मेंढरं मोजून घेतली, मामा. तुमी! मग आबा म्हणले, तुझ्याकडं बैल नाहीत, आमी कसतो, तुला वाटा देऊ. दोन वर्षं वाटा दिला. तिसऱ्या वर्षी पाऊस नव्हता. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारलं नाही. अन् येडबा दर उन्हाळ्यात या रानात खतासाठी मेंढरं बसवतो. दुसऱ्याच्या रानात बसवली तर ज्वारी मिळते. हितं मागितली नाही. केवळाबाई म्हणली, "आपल्याच रानात मेंढरं बसवायची ज्वारी कोण मागतंय?"

मी बोळकं खाली ठेवलं अन् आबांना सगळ्यांसमोर विचारलो. मेंढरं घेतली होती का?

आबा हसतच म्हणले, "घेतली की. राजीखुशीनं दिली त्यानं. तुला शिकंद्राबादला बोर्डिंगात घालायचं होतं त्या साली, अडचण होती. येडबा घरचा माणूस हाय. का रं येडबा?"

येडबा म्हणला, "व्हय मालक."

आता तुमची ती थाप कळली मला, इंग्लिश शाळेचा खर्च फिटला म्हणून मारलेली. मेंढरं इकून मला इंग्लिश शिकवलं, अन् मी त्या इंग्लिशमध्ये बिरूचा भाव लिहिला. अन् तुमाला सगळं ठाऊक होतं, तुमी तिथं बसून हसत होता.

मी आबांवर चिडलोय, ते घरात चालू आहे, त्याचं तुमाला सांगायचं कारण नाही. पण तुमच्यावर जास्त चिडलोय. आबांनी निदान रान बळकावलं, त्यांना रान पाहिजे होतं. तुमी काय करायलात? खरी गोष्ट आकरा वर्षं खिशात ठेवलीत, अन् काढलीत कधी, तर सेंटर फॉरवर्ड पाहिजे होता तेव्हा! खरं असंल तर फुकट सांगायचं असतं. गोलांच्या बदल्यात सांगायची गोष्ट आहे का ही?

तरीपण. मी बिरूवरची तक्रार कमिटीतून काढून घेतली. त्यानं तुमच्याकडून खेळावं. चुडाव्याचं काय व्हायचं ते होईल. तुमी फक्त शब्द पाळा. रजिस्ट्रीच्या आधी कचेरीत या अन् बघितलं तेवढं सांगा.

नमस्कार मनापासून केलेला नाही, पण करतो.

बन्सीधर


चुडावा, ९ मार्च १९८७

मामा,

काल पोखर्णीत फायनल तुमी जिंकलीत. दोन्ही गोल बिरूचे, दोन्ही आमच्यावर. दुसरा गोल असा होता की आमचा गोलकीपरच टाळ्या वाजवायला लागला, मी त्याला ओरडलो अन् मग मीपण वाजवल्या. मंदिराच्या बाजूचं सगळं पब्लिक आत घुसलं. तुमी बिरूला खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला. तुमचा फेटा पडला तरी तुमाला कळलं नाही.

मग मी तिथंच उभा होतो मामा, हाताच्या अंतरावर, जेव्हा बिरूनं विचारलं, "मालक, गवाहीला कवा येता?"

तुमी काय म्हणलात ते लिहितो, म्हणजे नंतर म्हणलोच नाही असं म्हणता येणार नाही. "अरं, आता भांडण कशाला वाढवायचं? बहिणीचं घर हाय ते. तुला सायकल देतो, नवी हाय, आणलीच हाय."

अन् सायकल खरंच आणली होती! घंटीला हार घातलेला. म्हणजे तुमी सकाळी निघतानाच ठरवलं होतं. गोल होईपर्यंत गवाही, गोल झाल्यावर सायकल.

बिरूनं सायकल स्टँडवर लावली, हार नीट केला अन् पायी गेला. मी मागं गेलो. म्हणलो, मी भांडतो मामाशी. तो म्हणला, "तू लय भांडलास बन्सी. कागदावरच भांडतोस."

मला लागलं ते. पण आधी तुमचा हिशोब.

मी टीमांचे करार बघतो, तर त्याच भाषेत सांगतो. तुमी एका खेळाडूला पगार कबूल केलात, सीझनभर खेळवलात, कप घेतलात अन् पगार बुडवलात. बारा हजारांच्या वर गेलात म्हणून मी तुमाला बेइमान म्हणलो होतो. चुकलो. तुमी वर गेलाच नाहीत. तुमी काही दिलंच नाही!

रजिस्ट्री सत्तावीस तारखेला आहे, परभणीला, शुक्रवारी. यायचं का नाही ते ठरवा. आई विचारायली होती, मामाला काय लिहायलास. मी सांगितलं, सायकलचं आहे.

बन्सीधर


पूर्णा, २९ मार्च १९८७

मामा,

तुमी आला नाहीत.

हे पत्र सितारामकाकांच्या घरून लिहायलोय. उद्या पाडवा, पण चुडाव्याला माझं घर बंद आहे. कसं झालं ते तुमाला आबांच्या बाजूनं कोणीतरी सांगंलच, म्हणून माझ्या बाजूनं ऐका.

कचेरीत आबा, मी अन् येडबा. बिरू बाहेर लिंबाखाली. येडबाला नवं धोतर नेसवून आणलं होतं आबांनी. कारकुनानं वाचून दाखवलं: येडबा रान विकतो, बन्सीधर घेतो, रक्कम पोचली. पेन माझ्यापुढं केला.

मी म्हणलो, "रक्कम पोचली नाही. उलट आमच्याकडं पोचली होती, मेंढराच्या रूपात. मी घेत नाही."

आबा आधी समजावून बोलले. मग कानाशी येऊन बोलले, ते लिहीत नाही. मग कारकुनाला म्हणले, "पोराचं डोकं फिरलंय. ह्याच्या आईच्या नावावर करा. पार्वतीबाई लिहा."

कारकून खोडायला लागला. आबांनी येडबाचा अंगठा धरून शाईला लावला. शाई लागली. अन् येडबानं हात मागं घेतला, मामा. हळूच, मेंढरू बुजू नये तसा.

आबा म्हणले, "काय झालं?"

येडबा म्हणला, "न्हाई, मी मेंढरावाला माणूस. रान इकायचं तर मेंढराला इचारून सांगतो."

कारकून हसला. मागं बाकड्यावर बसलेली माणसं हसली. येडबानं धोतराला अंगठा पुसला, आबांनीच दिलेल्या नव्या धोतराला, अन् बाहेर गेला. बिरूनं बापाच्या अंगठ्याकडं बघितलं. निळा होता, पण कागदावर उठला नव्हता. मग दोघं रस्त्यानं निघून गेले.

आबा मला म्हणले, घरात पाय ठेवू नकोस. मी ठेवला नाही.

आता आबा कोर्टात जाणार आहेत. ते म्हणणार, रान नुसतं नावाला दिलं होतं. वकील म्हणतो असं म्हणलं तर सीलिंग चुकवलं हे स्वतःच कबूल करायचं, म्हणून ते आता नवीनच काढायलेत, की मेंढरं उसने पैसे फेडायला आली, रानाची किंमत मिळालीच नाही, म्हणून रान परत पाहिजे. मेंढरं रानापायी दिली हे बघितलेला माणूस पाहिजे. मी तेव्हा दहा वर्षांचा, ट्रंकेत कपडे भरत होतो, माझं कोण ऐकणार? म्हणून हे पत्र सुरू केलं होतं तुमच्या पाया पडायला. खरंच. शेवटचं, म्हणून. राग बाजूला ठेवून लिहायचं ठरवलं होतं.

पुढं लिहायचं राहिलं, कारण मधेच दार वाजलं.

आई आहे. दुपारच्या गाडीनं एकटी आली, चुडाव्याहून. पिशवीत माझे दोन शर्ट अन् पाडव्याची साखरगाठी. मी म्हणलो, आबांनी सोडलं? ती म्हणली, "इचारलं कोणी?"

पाणी प्याली अन् म्हणली, कोणाला लिहायलास? सांगितलं. सगळी पत्रं वाचून दाखव म्हणली. मी कच्ची प्रत ठेवतो, ती वाचून दाखवली. बेइमानी म्हणलेलं वगळून वाचायलो तर म्हणली, गाळू नकोस. गोलांचं वाचलं तेव्हा तिला काही कळलं नाही, तरी ऐकलं. सायकलचं वाचलं तेव्हा तिनं डोळे मिटले.

मग म्हणली, "दिनूला गवाहीला बोलवू नको. मी देते. मेंढरं मोजली तवा मी दारातच व्हते. रानापायी घेतोय असं हे म्हणले, ते माझ्या कानानं ऐकलं."

मी म्हणलो, आई, कोर्टात आबांच्या समोर उभं राहावं लागंल.

"राहीन. माझ्या नावावर रान लावायला निघालते, मला न इचारता. मग माझं नाव कामाला येऊ दे की."

सितारामकाका पान खायचं थांबले.

मामा, माझं संपलं. सीलिंगचा करार यंदा नव्यानं लिहायचा आहे, बिरू अन् पोखर्णीचा गोलकीपर टेबलाला बसणार आहेत, बिरू म्हणतो आधी तिकिटाच्या पैशाचं बोलू. तुमच्या टीमला बोलावणं वेगळं येईल, कमिटीकडून.

हे शेवटचं आईचं आहे. ती सांगती तसं लिहितो, एक शब्द इकडंतिकडं करू नको म्हणली.

"दिनू, त्या दिवशी मोजता मोजता तीन मेंढरं तू मागच्या दारानं सोनपेठच्या गाडीत घातलीस. मी बघितलं व्हतं. भाऊ म्हणून गप बसले. आता कोर्टात रानाचं सांगताना ते बी सांगणार हाय."